एक रंजनपद्धती, दोन निष्कर्ष : चेतापेशी सिद्धांताच्या इतिहासाचा एक अभ्यास

गोषवारा

चेतासंस्था ही सुट्या पेशींची बनलेली आहे की ते एक सलग जाळे आहे, या प्रश्नावर १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात शरीररचनाशास्त्रज्ञांमध्ये तीव्र मतभेद होते. इटलीचे कामिल्लो गॉल्गी आणि स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल या दोघांनी एकाच रंजनपद्धतीचा वापर करून परस्परविरोधी निष्कर्ष काढले आणि १९०६ साली नोबेल पारितोषिकही दोघांना विभागून मिळाले. प्रस्तुत निबंधात या वादाची जडणघडण, त्यातील पुराव्याचे स्वरूप आणि चेतासंदेशाच्या पुढील संशोधनाशी असलेले त्याचे नाते यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. निरीक्षण आणि त्याचा अन्वयार्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासातून कसे स्पष्ट होते, ते दाखविण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजशब्द : चेतापेशी, जालवाद, काळी अभिक्रिया, संपर्कस्थान, चेतासंदेश, विज्ञानाचा इतिहास.

१. प्रास्ताविक

मराठीत ज्याला आपण सर्रास 'मज्जातंतू' म्हणतो, त्याच्या मुळाशी असलेल्या घटकाला पाठ्यपुस्तके 'चेतापेशी' असे नाव देतात. या दोन शब्दांमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. 'मज्जातंतू' हा शब्द केवळ दृश्य रूपाचे वर्णन करतो. डोळ्यांना जे दिसते ते दोऱ्यासारखे आहे, एवढेच तो सांगतो. 'चेतापेशी' हा शब्द मात्र एक विधान करतो. हा घटक म्हणजे एक पेशी आहे, तिला स्वतःची सीमा आहे आणि ती शेजारच्या पेशीपासून वेगळी आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. इयत्ता आठवी-नववीचा विद्यार्थी हा शब्द पाठ करतो, तेव्हा एका मोठ्या वादाचा निकाल तो नकळत स्वीकारत असतो. असा वाद कधी होता, याची त्याला कल्पनाही नसते.

हा वाद साधारणतः १८७० पासून १९५० च्या दशकापर्यंत या ना त्या स्वरूपात चालू राहिला. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, असा अंदाज २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीतून पुढे आला. परंतु मोजता येतील अशा सुट्या पेशी मेंदूत आहेत, हेच मुळात मान्य नसलेले थोर शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या प्रारंभी हयात होते आणि त्यांच्यापैकी एक जण नोबेल पारितोषिकाचा मानकरी होता. त्यांना केवळ 'चुकलेले' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. तथापि तसे केल्यास विज्ञानात पुरावा कसा तयार होतो, हा अधिक मूलभूत प्रश्न निसटून जातो. प्रस्तुत निबंधाचा भर या प्रश्नावर आहे.

२. पेशी सिद्धांत आणि मेंदूचा अपवाद

मॅथियास श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींच्या बाबतीत आणि थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांच्या बाबतीत पेशी सिद्धांत मांडला. सर्व सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे तत्त्व त्यानंतरच्या काही दशकांत जीवशास्त्राचा पाया बनले. यकृत, त्वचा, स्नायू अशा एकेका ऊतीला ते लागू पडत गेले. चेतासंस्थेपाशी मात्र ते अडखळले.

याचे कारण तांत्रिक होते. मेंदूची ऊती अतिशय मऊ असते. तिचा पातळ छेद घेणे कठीण आणि छेद घेतला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची एक गिचमिड तेवढी दिसे. यान पुरकिन्ये यांनी १८३७ मध्ये अनुमस्तिष्कातील मोठ्या पेशींचे वर्णन केले होते आणि त्या पेशी आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. परंतु त्या पेशींपासून निघणारे धागे कोठे जातात आणि कोठे संपतात, हे त्यांना सांगता आले नाही. जर्मनीतील ओटो डायटर्स यांनी कठीण केलेल्या ऊतीतून बारीक सुयांच्या साहाय्याने एकेक पेशी हाताने सुटी केली. पेशीपासून अनेक फांद्यांसारखे प्रवर्ध निघतात आणि त्यांखेरीज एकच लांब, वेगळ्या जातीचा तंतू निघतो, हे त्यांनी ओळखले. पुढे या फांद्यांना वृक्षिका आणि लांब तंतूला अक्षतंतू ही नावे रूढ झाली. डायटर्स १८६३ मध्ये वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी निधन पावले. त्यांचे काम माक्स शुल्त्से यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केले.

सुटी केलेली पेशी पाहता येत होती, पण सुटी करताना तिच्या टोकांची मोडतोड होई. त्यामुळे पेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या असतात, हा प्रश्न तसाच राहिला. एर्लांगेन येथील योसेफ फॉन गेर्लाख यांनी १८७२ च्या सुमारास असे प्रतिपादन केले, की निरनिराळ्या पेशींच्या वृक्षिका परस्परांत मिसळून एक अखंड जाळे तयार करतात. हाच जालवाद होय. त्या काळाच्या दृष्टीने हे मत अतार्किक नव्हते. संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचा तर वाट सलग हवी, असे मानणे स्वाभाविक होते. शिवाय आपली जाणीव एकसंध असते आणि तिचे साधनही एकसंध असावे, ही कल्पना मनाला पटणारी होती.

३. गॉल्गी यांची काळी अभिक्रिया

कामिल्लो गॉल्गी यांचा जन्म १८४३ मध्ये उत्तर इटलीतील कोर्तेनो या डोंगराळ गावी झाला. पाविया विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतल्यानंतर १८७२ मध्ये त्यांनी अब्बियातेग्रास्सो या लहान गावातील असाध्य रुग्णांच्या रुग्णालयात मुख्य वैद्याचे पद स्वीकारले. तेथे संशोधनाची कोणतीही सोय नव्हती. आपल्या निवासस्थानाच्या स्वयंपाकघरातच त्यांनी एक सूक्ष्मदर्शक आणि मोजकी उपकरणे मांडून प्रयोगशाळा उभी केली.

येथेच त्यांना ती प्रसिद्ध रंजनपद्धती सापडली. मेंदूचे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात दीर्घकाळ ठेवून कठीण करावयाचे आणि नंतर ते सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाचे, अशी ती पद्धत होती. पेशीच्या आत सिल्व्हर क्रोमेटचे सूक्ष्म कण साचतात आणि पिवळसर पार्श्वभूमीवर ती पेशी आपल्या सर्व फांद्यांसह काळीभोर उमटते. १८७३ मध्ये एका इटालियन वैद्यकीय नियतकालिकात मेंदूच्या करड्या भागाच्या रचनेवरील लेखातून त्यांनी ही पद्धत जाहीर केली. तिला 'काळी अभिक्रिया' असे नाव पडले.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य तिच्या अपुरेपणात होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ती सर्व पेशींना रंगवीत नाही. शेकड्यात फार थोड्या पेशी ती रंगविते, पण ज्यांना रंगविते त्यांना जवळजवळ संपूर्ण रंगविते. सर्वच पेशी काळ्या झाल्या असत्या तर छेदात केवळ काळोख दिसला असता. थोड्याच पेशी उमटल्यामुळे प्रत्येकीचा आकार स्पष्ट दिसू लागला.

गॉल्गी यांनी या पद्धतीने केलेली निरीक्षणे मोलाची होती. वृक्षिकांची टोके परस्परांत मिसळत नाहीत, ती मोकळी संपतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजेच गेर्लाख यांचे जाळे त्यांनीच मोडून काढले. अक्षतंतूला बाजूच्या शाखा फुटतात, हेही त्यांनी दाखविले. लांब अक्षतंतू असलेल्या आणि आखूड अक्षतंतू असलेल्या पेशी असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. या पायरीवर ते सुट्या पेशीच्या कल्पनेच्या अगदी जवळ येऊन पोहोचले होते.

परंतु पुढचे पाऊल त्यांनी उलट दिशेने टाकले. वृक्षिका जर मोकळ्या संपत असतील तर त्यांचा संदेशवहनाशी संबंध नसावा, त्या रक्तवाहिन्यांकडून पोषण घेत असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग संदेशाचे काम कोण करणार? त्यांच्या मते अक्षतंतूंच्या असंख्य शाखा एकमेकींत गुंफून एक विस्तृत जाळे बनते आणि संपूर्ण मेंदू या जाळ्याद्वारे एकत्रितपणे कार्य करतो. वृक्षिकांचे जाळे गेले आणि त्याच्या जागी अक्षतंतूंचे जाळे आले. मेंदूच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र कार्य असते या मताला गॉल्गी यांचा विरोध होता आणि हा विरोध त्यांच्या रचनाविषयक निष्कर्षाला बळ देत होता, असे म्हणावे लागते.

४. काहाल यांचे वाचन

सान्तियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १८५२ मध्ये स्पेनच्या ग्रामीण भागात झाला. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते, पण वडिलांच्या आग्रहामुळे ते वैद्यकाकडे वळले. क्यूबामध्ये लष्करी वैद्य म्हणून काम करताना त्यांना हिवताप जडला आणि ते मायदेशी परतले. १८८७ मध्ये माद्रिद येथे लुईस सिमार्रो या वैद्यमित्राकडे त्यांनी गॉल्गी पद्धतीने रंगविलेला छेद प्रथम पाहिला. त्या वेळी ही पद्धत जाहीर होऊन चौदा वर्षे लोटली होती, तरी इटलीबाहेर तिचा वापर फारसा होत नव्हता. तिच्यातून हमखास निष्पत्ती मिळत नसे, हे त्याचे एक कारण होते.

त्याच वर्षी बार्सिलोना येथे प्राध्यापकपदी रुजू झाल्यावर काहाल यांनी या पद्धतीत काही बदल केले. ऊतीवर रंजनाची प्रक्रिया एकदा करण्याऐवजी त्यांनी ती पुन्हा केली आणि छेद जाड घेतले. त्यांचा सर्वांत निर्णायक बदल मात्र रसायनात नव्हता, तर ऊतीच्या निवडीत होता. प्रौढ प्राण्याच्या मेंदूत अनेक अक्षतंतूंभोवती मायलिनचे आवरण असते आणि तेथे काळी अभिक्रिया नीट होत नाही. काहाल यांनी पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे भ्रूण व पिल्ले निवडली. तेथे हे आवरण अद्याप तयार झालेले नसते, पेशींमधील गुंतागुंत कमी असते आणि अक्षतंतूचा मार्ग शेवटच्या टोकापर्यंत पाहता येतो.

पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात त्यांना असे आढळले, की काही पेशींचे अक्षतंतू पुरकिन्ये पेशींच्या कायेभोवती टोपलीसारखे वेटोळे घालून संपतात. ते तिला बिलगतात, पण तिच्यात मिसळत नाहीत. नेत्रपटल, घ्राणकंद, मेरुरज्जू अशा ज्या ज्या भागांचा त्यांनी अभ्यास केला, तेथे त्यांना हेच दिसले. जाळे कोठेही दिसले नाही. १८९१ च्या सुमारास त्यांनी आणखी एक सूत्र मांडले. नेत्रपटलात आणि घ्राणेंद्रियात संदेश कोणत्या दिशेने येतो हे आधीच ठाऊक असते, कारण प्रकाश आणि गंध बाहेरूनच येतात. या ठिकाणी वृक्षिका नेहमी संदेशाच्या उगमाकडे तोंड करून असतात आणि अक्षतंतू मेंदूच्या दिशेने जातो. यावरून संदेश वृक्षिकांकडून पेशीकायेकडे आणि तेथून अक्षतंतूद्वारे पुढे जातो, असा नियम त्यांनी काढला. स्थिर, मृत छेदावरून जिवंत संदेशाची दिशा सांगणारे हे अनुमान विलक्षण होते.

हे निष्कर्ष जगापुढे कसे आले, हाही या इतिहासाचा उपेक्षू नये असा भाग आहे. स्पॅनिश ही त्या काळी विज्ञानाची भाषा मानली जात नव्हती. काहाल यांनी १८८८ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक त्रैमासिक सुरू केले. त्याच्या केवळ ६० प्रती छापल्या जात. लेख त्यांचेच, चित्रेही त्यांचीच आणि बहुतेक प्रती परदेशी शास्त्रज्ञांना पाठविलेल्या असत. तरीही प्रतिसाद अल्प होता. अखेर ऑक्टोबर १८८९ मध्ये पदरमोड करून ते जर्मन शरीररचनाशास्त्र परिषदेच्या बर्लिन अधिवेशनाला गेले. सोबत त्यांनी आपले छेद नेले आणि आलेल्या विद्वानांना ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती केली. वुर्त्सबुर्गचे ज्येष्ठ प्राध्यापक आल्बर्ट फॉन कोलिकर यांनी ते पाहिले आणि त्यांचे मत बदलले. काहाल यांचे लेख वाचता यावेत म्हणून त्यांनी पुढे उतारवयात स्पॅनिश भाषा शिकून घेतली.

काहाल या मतापर्यंत एकटेच पोहोचले नव्हते. विल्हेल्म हिस यांनी भ्रूणाच्या अभ्यासातून १८८६ मध्ये आणि ऑग्युस्त फोरेल यांनी इजा झालेल्या पेशींच्या ऱ्हासाच्या अभ्यासातून १८८७ मध्ये सुट्या पेशींच्या बाजूने मत दिले होते. नॉर्वेचे फ्रित्योफ नान्सेन हेही त्याच सुमारास याच निष्कर्षाला आले. पुढे ते ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून विख्यात झाले आणि १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या सर्व कामांचा आढावा घेऊन १८९१ मध्ये बर्लिनचे विल्हेल्म वाल्डायर यांनी या घटकाला 'न्यूरॉन' हे नाव दिले. नाव वाल्डायर यांचे असले तरी सिद्धांतामागील सर्वांत भक्कम निरीक्षणे काहाल यांची होती.

५. स्टॉकहोम, १९०६

१९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गॉल्गी आणि काहाल यांना विभागून देण्यात आले. या विषयातील पारितोषिक दोघांत विभागले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. दोघांची प्रत्यक्ष भेटही तेथेच प्रथम झाली. गॉल्गी यांनी ११ डिसेंबर रोजी व्याख्यान दिले आणि त्यासाठी न्यूरॉन सिद्धांत हाच विषय निवडला. हा सिद्धांत आता लोकप्रियता गमावत आहे, असे सांगून त्यांनी त्यातील एकेका प्रतिपादनावर आक्षेप घेतले आणि चेतासंस्था एकत्रितपणे कार्य करते या आपल्या धारणेचा पुनरुच्चार केला. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपल्या व्याख्यानात सुट्या पेशींचे पुरावे मांडले. आपल्या आत्मचरित्रात काहाल यांनी या प्रसंगाबद्दलची नाराजी लपविलेली नाही. मात्र ज्या पद्धतीमुळे आपले काम शक्य झाले ती गॉल्गी यांची आहे, हे त्यांनी कधीही नाकारले नाही.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा हटवादी वृद्ध शास्त्रज्ञ आणि द्रष्टा प्रतिस्पर्धी अशा साच्यात केले जाते. तथापि त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्याकडे तटस्थपणे पाहिल्यास चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची वेगळेपण दाखविण्याची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर एवढी असते. दोन चेतापेशींमधील फट प्रत्यक्षात सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याइतकी असते. याचा अर्थ असा, की काहाल यांना ती फट कधीही दिसलेली नव्हती आणि दिसणे शक्यही नव्हते. त्यांनी पाहिले ते इतकेच, की काळा रंग एका पेशीच्या टोकापाशी थांबतो. रंग थांबतो म्हणजे पेशी संपते, हा अन्वयार्थ होता. रंग थांबतो कारण तो पुढच्या नाजूक तंतूत शिरत नाही, असेही एखाद्याला म्हणता आले असते आणि जालवादी तसे म्हणतही होते. गॉल्गी यांनाही त्यांचे जाळे सलग असल्याचे निर्विवादपणे दिसले नव्हते. दोघेही दिसणाऱ्याच्या पलीकडे जाऊन बोलत होते.

मग काहाल यांची बाजू अधिक सबळ का ठरली? एका छेदाच्या बळावर ती ठरली नाही. पक्षी, सस्तन प्राणी, भ्रूण आणि प्रौढ, अनुमस्तिष्क आणि नेत्रपटल अशा अनेक ठिकाणी तेच चित्र पुन्हा पुन्हा मिळाले. हिस यांचा भ्रूणविषयक आणि फोरेल यांचा ऱ्हासविषयक पुरावा सर्वस्वी निराळ्या पद्धतींतून येऊन त्याच निष्कर्षाशी जुळला. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतीचा तुकडा लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून एका पेशीतून तंतू बाहेर वाढताना प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा या पुराव्यात मोलाची भर पडली. तरीही जालवाद पूर्णतः संपला नव्हता. १९३३ मध्ये, मृत्यूच्या एक वर्ष आधी, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या काहाल यांना न्यूरॉनवाद की जालवाद या प्रश्नावर पुन्हा एकदा विस्तृत लेखन करावेसे वाटले, यावरूनच वादाची चिकाटी ध्यानात येते.

६. रचनेकडून संदेशाकडे

हा वाद केवळ रचनेचा नव्हता. चेतासंदेश कसा वाहतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याशी बांधलेले होते. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. हा वेग मोजण्याइतका कमी असेल, असे त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांनाही वाटत नव्हते. तारेतून वाहणाऱ्या विजेच्या मानाने हा वेग नगण्य होता, म्हणून चेतातंतू म्हणजे केवळ विजेची तार नव्हे, हे त्यातून सूचित झाले.

इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रतिक्षिप्त क्रियांचा अभ्यास करताना दोन गोष्टी नोंदविल्या. तंतूची लांबी आणि संदेशाचा वेग यांवरून जेवढा वेळ अपेक्षित असतो, त्याहून अधिक वेळ प्रतिक्षिप्त क्रियेला लागतो. तसेच सुट्या चेतातंतूतून संदेश दोन्ही दिशांनी जाऊ शकतो, पण प्रतिक्षिप्त क्रियेच्या मार्गात तो एकाच दिशेने जातो. सलग जाळ्यात असे घडण्याचे कारण सांगता येत नाही. दोन पेशींच्या भेटीच्या जागी काही वेगळी घडामोड होत असेल तरच याचा उलगडा होतो. त्या जागेला त्यांनी १८९७ मध्ये 'सिनॅप्स' हे नाव दिले. मराठीत आपण तिला संपर्कस्थान म्हणतो.

फट असेल तर संदेश ती ओलांडतो कसा? ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये ग्राट्झ येथे बेडकाची दोन हृदये घेऊन याचे उत्तर दिले. पहिल्या हृदयाची गती मंद करणारी चेता उद्दीपित करून त्या हृदयाभोवतालचे द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिले, तेव्हा दुसऱ्या हृदयाचीही गती मंदावली. दोन हृदयांमध्ये चेतेचा दुवा नव्हता. संदेश वाहून नेला होता तो एका रासायनिक पदार्थाने आणि हा पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलिन असल्याचे पुढे सिद्ध झाले. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूच्या आतील संपर्कस्थानी मात्र विजेनेच काम होते, असे जॉन एकल्स यांचे आग्रही मत होते. न्यूझीलंडमधील डनीडिन येथे १९५१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीच्या आत सूक्ष्म विद्युत्अग्र घालून नोंदी घेतल्या. त्या नोंदी आपल्या मताविरुद्ध गेल्याचे पाहून त्यांनी आपले मत जाहीरपणे सोडून दिले. गॉल्गी यांच्या भूमिकेशी ही गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे.

एका पेशीच्या अंतर्भागात संदेश कसा जातो, याचा उलगडा ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी केला. त्यासाठी त्यांनी माकूळ या सागरी प्राण्याचा महाकाय अक्षतंतू निवडला. त्याची जाडी अर्धा ते एक मिलिमीटर असते, त्यामुळे त्याच्या आत विद्युत्अग्र सरकविता येते. विश्रांत अवस्थेत पेशीपटलाची आतील बाजू बाहेरच्या तुलनेत काही दशक मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश जाताना ती क्षणभर धन होते, हे त्यांनी १९३९ मध्ये प्लिमथ येथे प्रथम नोंदविले. महायुद्धामुळे खंडित झालेले काम पुढे पूर्ण करून १९५२ मध्ये त्यांनी त्याचे गणिती स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. पेशीपटलातून सोडियमचे आयन आत शिरतात तेव्हा आतील बाजू धन होते आणि पाठोपाठ पोटॅशियमचे आयन बाहेर पडल्याने ती पूर्ववत होते. एका जागी झालेला हा बदल शेजारच्या जागेला चेतवितो आणि संदेश पुढे सरकतो. हे स्पष्टीकरण पेशीच्या आत आणि बाहेर असा भेद मानल्याशिवाय उभेच राहत नाही. ज्याला स्वतःची सीमा आहे अशा पेशीची कल्पना संदेशाच्या सिद्धांतात अशा रीतीने मुरली.

७. पुराव्याची पूर्तता आणि अपवाद

१९५० च्या दशकाच्या मध्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संपर्कस्थानाची चित्रे मिळाली. दोन्ही बाजूंची पेशीपटले अखंड होती आणि त्यांच्यामध्ये फट होती. काहाल यांच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी त्यांच्या अनुमानाला प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार लाभला.

इतिहास येथेच थांबला असता तर तो सोपा झाला असता. परंतु १९५९ मध्ये एडविन फर्शपॅन आणि डेव्हिड पॉटर यांनी क्रेफिश या प्राण्यात विद्युत्प्रवाह एका चेतापेशीतून दुसरीत थेट जातो, हे सविस्तर दाखवून दिले. अशा विद्युत्संपर्कस्थानी पेशीपटले अगदी निकट येतात आणि त्यांना आरपार जोडणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही अशी स्थाने असल्याचे पुढे आढळले. २०२३ मध्ये तर टेनोफोर या पारदर्शक सागरी प्राण्याच्या चेताजालाचा त्रिमितीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील चेतातंतू एकाच सलग पेशीपटलाने वेढलेले असून एकमेकांत मिसळलेले आहेत, असे त्यात दिसून आले.

यामुळे गॉल्गी यांचे म्हणणे खरे ठरले, असे म्हणता येणार नाही. त्यांचे विधान पृष्ठवंशीय प्राण्यांच्या मेंदूविषयी होते आणि तेथे ते टिकले नाही. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यामधील सुमारे ५ कोटी संपर्कस्थाने दाखविली आहेत. अशी मोजणी सुट्या पेशींचीच होऊ शकते. मात्र चेतासंस्था सलग असूच शकत नाही, हे सरसकट विधानही आता करता येत नाही. न्यूरॉन सिद्धांत हा एक अतिशय व्यापक नियम आहे, पण त्याला अपवाद आहेत.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की नवे साधन आपोआप नवा निष्कर्ष देत नाही. काळी अभिक्रिया गॉल्गी यांच्या हाती चौदा वर्षे आधी होती. तिच्यापुढे कोणता प्रश्न ठेवावयाचा आणि कोणती ऊती ठेवावयाची, याची निवड काहाल यांनी वेगळी केली आणि त्यातून फरक पडला. दुसरा असा, की ज्याचा निष्कर्ष पुढे मान्य झाला त्याच्याकडेही त्या वेळी अंतिम पुरावा नव्हता. निरनिराळ्या पद्धतींतून आलेल्या पुराव्यांचा मेळ बसत गेला, म्हणून त्याचे अनुमान विश्वासार्ह ठरले. तिसरा असा, की गॉल्गी यांची चूक निरीक्षणात नव्हती. मेंदूच्या एकसंधतेविषयीची पूर्वधारणा त्यांनी निरीक्षणाच्या पुढे जाऊ दिली आणि विरोधी पुरावा वाढत गेल्यावरही तिची फेरतपासणी केली नाही. एकल्स यांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व आहे. चेतापेशीची आकृती फळ्यावर काढताना, तिच्यातील कोणती रेषा पाहिलेली आहे आणि कोणती अनुमानाने काढलेली होती, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो. विज्ञान शाखेइतकाच तो इतिहासाच्या वर्गातही उपयुक्त आहे, कारण साधन आणि त्याचा अन्वयार्थ हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाला रोजच करावा लागतो. प्रादेशिक भाषेत, मर्यादित प्रतींच्या नियतकालिकात लिहिणाऱ्यांनाही या इतिहासात काही सापडेल. काळी अभिक्रिया इटालियन भाषेत आणि तिचे सर्वांत फलदायी वाचन स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाले. ते जगापर्यंत पोहोचण्यासाठी लेखकाला आपले छेद घेऊन बर्लिनपर्यंत जावे लागले. पण दुसऱ्या बाजूने एका ज्येष्ठ वाचकालाही त्यासाठी नवी भाषा शिकावी लागली. ज्ञानाच्या देवघेवीतील ही जबाबदारी लिहिणारा आणि वाचणारा या दोघांचीही असते.